दर्यातल्या पवनचक्क्या, हवेतला कार्बन आणि मासळी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्राबद्दल येणाऱ्या प्रश्नांची धाटणी अलीकडे बदलली आहे. पूर्वी लोक विचारायचे, मासळी का घटली? आता विचारतात, समुद्रात पवनचक्क्या रोवल्या तर उरलीसुरलीही जाणार का? विचारणाऱ्यांत कोळीवाड्यातले आहेत, प्रकल्प लिहिणारी कॉलेजची पोरं आहेत आणि स्कॉटलंडला नोकरीला गेलेले, खिडकीतून पवनचक्क्या बघणारे आपले लोकही आहेत. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकत्र केली. माझा कल आधीच सांगतो, म्हणजे वाचताना हिशेब धरता येईल. कार्बनचा त्रास सगळ्या समुद्राला आहे आणि तो परतवायला शतकं लागतील. पवनचक्कीचा त्रास जागेपुरता असतो आणि जागा चुकली तर तो खराखुरा असतो. म्हणून "हवी की नको" या वादापेक्षा "कुठे आणि कशी" हा वाद मला महत्त्वाचा वाटतो.

१. समुद्रातली पवनचक्की आणि साताऱ्याच्या पठारावरची पवनचक्की यांत फरक काय?

तत्त्व एकच. चाळकेवाडी, वांकुसवड्याला फिरतात तशीच पाती इथेही फिरतात. पण समुद्रावर वाऱ्याला अडवायला डोंगर-झाडं नसतात, वारा जास्त एकसारखा मिळतो आणि अवजड सुटे भाग घाटरस्त्याने न्यावे लागत नाहीत, त्यामुळे यंत्रं अवाढव्य करता येतात. जगातलं पहिलं समुद्री पवन उद्यान डेन्मार्कमध्ये विंडेबी इथे १९९१ साली उभं राहिलं. तिथल्या ११ पवनचक्क्या मिळून जेमतेम ५ मेगावॅट वीज देत. आज इंग्लंडच्या पूर्वेला डॉगर बँकवर जी यंत्रं बसतात, त्यांतलं एक यंत्रच १३ मेगावॅटचं आहे आणि त्याचं एक पातं १०७ मीटर लांब आहे. उथळ पाण्यात तळात जाडजूड पोलादी नळकांडं ठोकतात. जास्त खोलीवर लोखंडी सांगाडा उभारतात. त्याहून खोल गेलं की तरंगता पाया घालून नांगरानं बांधतात. तरंगत्या पवनचक्क्यांचं पहिलं उद्यान स्कॉटलंडजवळ २०१७ मध्ये सुरू झालं.

२. धूर हवेत जातो. त्याचा पाण्यातल्या माशाशी संबंध काय?

समुद्र आपला धूर आणि आपली उष्णता दोन्ही गिळतो. माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्रात विरघळतो. या वायूमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता कोंडते, तिच्यातली ९० टक्क्यांहून अधिक समुद्रात जाते. हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे ३१५ भाग होते. आता ४२० च्या वर आहेत.

याचे पाण्यात तीन परिणाम होतात. पाणी तापतं, त्याची आम्लता वाढते (त्यावर प्रश्न ३) आणि त्यातला प्राणवायू कमी होतो. तिसऱ्या परिणामाबद्दल कोणी फारसं बोलत नाही. गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. शिवाय वरचा थर तापून हलका झाला की खालच्या थंड पाण्यात मिसळत नाही. मग वरचा प्राणवायू खाली जात नाही आणि खालचं खत वर येत नाही. त्या खतावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर झिंगे-तारली आणि त्यांच्यावर सुरमई. साखळीची पहिली कडीच सैल झाली की वरचं सगळं डळमळतं.

३. समुद्र "आम्ल" होतोय म्हणजे पोहताना अंग झोंबेल का?

नाही. समुद्राचं पाणी आजही अल्कलीधर्मीच आहे. सामू (पीएच, आम्लता मोजायची पट्टी) साधारण ८.२ होता तो ८.१ च्या आसपास आला. ०.१ म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ही मोजपट्टी भूकंपासारखी आहे: एक आकडा सरकला की दहापट. त्यामुळे एवढ्याशा घसरणीतही आम्लता पाव हिश्शाहून जास्त वाढलेली असते.

आपल्या अंगाला काही कळणार नाही, पण कालवाच्या पिल्लाला कळतं. शिंपला बांधायला लागणारे कार्बोनेटचे कण या पाण्यात कमी मिळतात. २००७ च्या सुमारास अमेरिकेच्या ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन किनाऱ्यावरच्या कालव-उबवणी केंद्रांत लाखो-करोडो पिल्लं मरू लागली. आधी रोगजंतूंवर संशय गेला. मग कळलं की खोलातून वर येणारं पाणीच जास्त आम्ल आहे. आता तिथे सामू सतत मोजतात आणि टाकीत सोडा घालून पाणी "गोडवतात". टाकीत हे जमतं. दर्यात सोडा कोण घालणार?

४. हे सगळं परदेशातलं झालं. आपल्या अरबी समुद्रात काय दिसतंय?

बरंच काही, आणि चांगलं फारसं नाही.

अरबी समुद्रात साधारण दीड-दोनशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू अतिशय कमी असलेला जाड पट्टा निसर्गतःच आहे. जगातल्या अशा मोठ्या पट्ट्यांत त्याची गणना होते. म्हणजे प्रश्न २ मधली प्राणवायूची अडचण इथे पहिल्यापासून उंबरठ्यावर बसलेली आहे. हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव प्रचंड फोफावतो. रात्री लाट फुटली की निळा उजेड दिसतो तो याचाच. त्याचे व्हिडिओ कौतुकाने फिरतात, पण हा जीव माशांच्या नेहमीच्या खाद्याची जागा बळकावतो. त्याला खाणारे मासे फार थोडे. जेलीफिशसारख्यांचं मात्र फावतं.

पश्चिम हिंदी महासागरात सूक्ष्म वनस्पती सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटल्याचं भारतीय शास्त्रज्ञांच्या अभ्यासात आढळलं. प्रवाळांचंही तेच. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ ला मोठं विरंजन झालं, म्हणजे पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातलं चौथं सामूहिक विरंजन जाहीर झालं, तेव्हा लक्षद्वीपचे प्रवाळ पुन्हा पांढरे पडले. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आहेत हे आपल्याकडे अनेकांना स्नॉर्कलिंगच्या जाहिरातीतूनच कळतं. तिथेही विरंजनाच्या नोंदी आहेत.

चक्रीवादळांचं सांगायला नको. फयान, निसर्ग, तौक्ते ही नावं किनाऱ्यावर पोरासोरांनाही पाठ आहेत.

५. म्हणजे तारली गेली ती तापमानवाढीमुळेच ना?

एवढं सरळ नाही, आणि हे उत्तर काही वाचकांना आवडत नाही. केरळात २०१२ साली तारलीची आवक जवळपास ४ लाख टन होती, ती २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्या आत आली. यात एल निनोचा आणि तापलेल्या पाण्याचा हात आहे. पण अंडी घालण्याआधीच पिल्लं ओढून काढणाऱ्या मासेमारीचाही आहे. तारली तशीही लहरी. तिच्या चढउतारांचा इतिहास जुना आहे. सगळं खापर हवामानावर फोडलं की बारीक आसाची जाळी सुटतात, आणि सगळं पर्ससीनवर (थवाच्या थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर) फोडलं की वीजकेंद्रांची धुराडी सुटतात.

६. समुद्रात खांब ठोकतात त्या आवाजाने मासे-डॉल्फिन मरतात का?

पवनचक्कीचा समुद्री जिवांना होणारा सर्वांत मोठा, सर्वांत नीट मोजलेला त्रास हाच. आठ-दहा मीटर व्यासाचं नळकांडं हायड्रॉलिक घणाने ठोकतात. एका खांबाला हजारो घाव बसतात. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने आणि फार लांब जातो.

उत्तर समुद्रात पॉरपॉइज नावाचा डॉल्फिनचा लहानखुरा भाऊबंद राहतो. तो आवाजाच्या प्रतिध्वनीवरच शिकार शोधतो. डेन्मार्कच्या हॉर्न्स रेव्ह इथे ठोकाठोकीच्या वेळी पॉरपॉइज २० किलोमीटरपर्यंत दूर पळाल्याचं पाण्यातल्या मायक्रोफोनवरून दिसलं. अगदी जवळच्या भागात ते परतायला एक ते तीन दिवस लागले. पण पुढचा खांब त्याआधीच सुरू झाला तर? म्हणजे तेवढ्या हंगामापुरतं ते घर गेलंच. खांबाच्या अगदी जवळ असलेल्या प्राण्याचे कान कायमचे जाऊ शकतात, आणि ज्या माशांना हवेची पिशवी असते त्यांना दाबाच्या धक्क्याने आतून इजा होऊ शकते.

यावर उपाय आहेत. जर्मनीने कायद्याने मर्यादा घातली: खांबापासून ७५० मीटरवर एका घावाचा आवाज १६० डेसिबलच्या आत हवा. ती पाळण्यासाठी कंपन्यांनी बुडबुड्यांचा पडदा वापरायला सुरुवात केली. तळावर खांबाभोवती भोकं पाडलेली नळी गोल अंथरतात आणि तिच्यात कॉम्प्रेसरने हवा सोडतात. वर चढणाऱ्या बुडबुड्यांच्या भिंतीत आवाज मुरतो. १० डेसिबल कमी झाले तरी आवाजाची ऊर्जा एक दशांशावर येते. याशिवाय सुरुवातीला हलके घाव घालून प्राण्यांना पळायला वेळ देतात आणि पिल्लांचा हंगाम टाळतात. मर्यादा नसती तर नळ्यांचा खर्च कोणी केला असता असं मला वाटत नाही.

७. आणि चालू झाल्यावर? चोवीस तास घरघर असेलच.

असते, पण खालच्या पट्टीतली, आणि थोड्या अंतरावर ती जहाजांच्या आवाजात मिसळून जाते. नेदरलँड्सच्या एग्मंड आन झे इथे उद्यान चालू झाल्यावर आत पॉरपॉइज आधीपेक्षा जास्त दिसले, बहुधा तिथे मासेमारी आणि जहाजं बंद झाल्यामुळे. उलट डेन्मार्कच्या न्यूस्टेड इथे दहा वर्षांनीही ते पूर्वीइतके परतलेले नव्हते. दोन्ही निष्कर्ष खरे आहेत. आपल्याला हवा तो उचलून दुसरा लपवणारे दोन्ही बाजूंना भेटतात.

८. व्हेल किनाऱ्याला लागून मरतात ते पवनचक्क्यांमुळे, असे फॉरवर्ड येतात. खरं काय?

हे फॉरवर्ड बहुतेक अमेरिकेतून फिरत येतात. तिथे पूर्व किनाऱ्यावर हंपबॅक व्हेलचे मृत्यू २०१६ पासून नेहमीपेक्षा जास्त आहेत. तेव्हा त्या सबंध किनाऱ्यावर समुद्री पवनचक्क्या होत्या फक्त पाच, ऱ्होड आयलंडजवळ. ज्या मृत व्हेलची तपासणी करता आली त्यांतल्या सुमारे ४० टक्क्यांवर जहाजाची धडक किंवा जाळ्या-दोरांत अडकल्याच्या खुणा होत्या. पवन प्रकल्पांच्या सर्वेक्षणामुळे व्हेल मेल्याचा पुरावा तिथल्या सरकारी शास्त्रज्ञांना सापडलेला नाही.

कार्बनचा संबंध मात्र खोलवर आहे. उत्तर अटलांटिक राइट व्हेल आता जेमतेम पावणेचारशेच्या घरात उरले आहेत. अमेरिकेच्या मेन राज्यालगतच्या आखाताचं पाणी तापलं, त्यांचं खाद्य असलेले बारीक कोपेपॉड उत्तरेला सरकले, त्यामागे व्हेल कॅनडाच्या सेंट लॉरेन्स आखातात गेले. तिथे जहाजांना वेगाची मर्यादा नव्हती, खेकड्यांच्या सापळ्यांचे दोर होते. २०१७ या एका वर्षात १७ राइट व्हेल मेले. कारण म्हणून कागदावर जहाज आणि दोर लिहिले गेले, पण त्यांना तिथवर नेलं तापलेल्या पाण्याने.

आपल्याकडे २०१५ च्या जूनमध्ये रेवदंड्याला निळा व्हेल जिवंत किनाऱ्याला लागला आणि मेला. भारतात समुद्रात तेव्हा एकही पवनचक्की नव्हती.

९. खांबांभोवती मासे वाढतात असं कंपन्या सांगतात. जाहिरात की खरं?

निम्मं खरं. मऊ गाळाच्या तळावर कडक खांब आला की त्यावर शिनाणे, बार्नेकल, समुद्रफुलं चिकटतात. त्यांना खायला खेकडे, लॉब्स्टर येतात, मग कॉडसारखे मासे. बेल्जियमने आपल्या उद्यानांभोवती वर्षानुवर्षं नोंद ठेवली आहे आणि हे चित्र तिथे स्पष्ट दिसतं. माझी आवडती गोष्ट सीलची: अंगावर यंत्र लावलेले काही सील नकाशावर चक्क चौकटी आखत फिरताना दिसले. एका पवनचक्कीपासून दुसरीकडे, मग तिसरीकडे, खानावळी पालथ्या घातल्यासारखे.

आपल्या मच्छीमारांना हे नवीन नाही. मुंबई हायच्या तेलफलाटांभोवती मासळी गोळा होते, आणि ५०० मीटरच्या बंदीमुळे ती नुसती बघायची, हे ते कधीचेच सांगतात.

निम्मं एवढ्यासाठी म्हटलं की मासे गोळा होणं वेगळं आणि वाढणं वेगळं. इकडचे मासे तिकडे जमले तर एकूण बेरीज तीच राहते. शिवाय गाळात राहणाऱ्या जिवांची जागा खडकावरच्या जिवांनी घेतली, तर तो बदल झाला. त्याला भरभराट म्हणायचं की अतिक्रमण, हे बघणाऱ्यावर आहे.

१०. पक्षी पात्यांत सापडतात का?

काही सापडतात, बरेचसे चुकवतात. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनजवळच्या ११ पवनचक्क्यांभोवती रडार आणि कॅमेरे लावून दोन वर्षं गल, गॅनेट वगैरे पक्ष्यांवर नजर ठेवली. एकही धडक नोंदली गेली नाही. ते पात्यांना वळसा घालून जात होते. पण हे दिवसा दिसणाऱ्या समुद्री पक्ष्यांबद्दल झालं. रात्री थव्याने समुद्र ओलांडणाऱ्या स्थलांतरितांची गोष्ट वेगळी, म्हणून नेदरलँड्सने मे २०२३ मध्ये मोठ्या स्थलांतराच्या रात्री पवनचक्क्या चार तास जवळपास थांबवून पाहिल्या. आणि काही पक्षी पात्यांत मरत नाहीत, ते जागाच सोडतात. लाल गळ्याचा लून जर्मन समुद्रात उद्यानापासून कित्येक किलोमीटर लांब राहतो. पक्षी मेला तर मोजता येतो. जागा सोडून गेलेल्याचं नुकसान कळायला वेळ लागतो.

११. तळातल्या वीजवाहिनीचा मोरी (छोटा शार्क) आणि पाकटाला (चपटा स्टिंगरे) शॉक बसतो का?

शॉक नाही. वाहिनीचं आवरण विद्युतक्षेत्र अडवतं. चुंबकीय क्षेत्र मात्र बाहेर येतं. मोरी, मुशी, पाकट यांच्या नाकाडावर सूक्ष्म छिद्रांची इंद्रियं असतात, त्यांनी त्यांना भक्ष्याच्या अंगातली नाममात्र वीजही जाणवते. त्यामुळे वाहिनी त्यांना "दिसते" हे खरं. प्रयोगशाळेत तीव्र क्षेत्रात खेकडे वाहिनीपाशी रेंगाळले, लॉब्स्टरच्या पिल्लांत व्यंग वाढलं. पण ती तीव्रता प्रत्यक्ष समुद्रात वाहिनीपासून थोडं दूर गेल्यावर मिळते त्याहून बरीच जास्त होती. वाहिनी मीटर-दोन मीटर गाडली की अंतर आपोआप वाढतं.

१२. उद्यानाच्या आत मासेमारी करता येते का?

देशागणिक वेगळं. बेल्जियममध्ये आत शिरायलाच बंदी. ब्रिटनमध्ये बांधकामावेळी ५०० मीटर आणि नंतर खांबाभोवती ५० मीटर सोडून जाता येतं, तरी ट्रॉलरवाले सहसा आत जात नाहीत: जाळं अडकलं की बोटीचाच घात. गळ, सापळेवाल्यांचं थोडंफार जमतं. माशांना यातून आपोआप अभयारण्य मिळतं, हे प्रश्न ७ मध्ये आलंच. मच्छीमाराला मात्र भरपाई कोण, कशी, किती देणार हे आधी कागदावर नसेल तर नंतर मिळत नाही.

१३. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येणार आहेत का?

आजच्या सरकारी आराखड्यात नाहीत. २०१५ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जे पट्टे निवडले ते ८ गुजरातपुढे आणि ८ तामिळनाडूपुढे. वारा तिथे चांगला आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली: दोन्हीकडे ५००-५०० मेगावॅट, आणि बंदरांच्या सुधारणेला त्यातलेच ६०० कोटी.

१४. मग गुजरात-तामिळनाडूच्या समुद्राला धोका किती?

इथे मला युरोपचे निष्कर्ष जसेच्या तसे उचलणं धोक्याचं वाटतं.

गुजरातची जागा पिपावावसमोर. शेजारीच जाफराबाद, बोंबलाचं मोठं केंद्र. बोंबील पकडतात डोलीने, आणि डोल म्हणजे तळाशी बांधून भरती-ओहोटीच्या ओढीवर उघडी ठेवलेली जाळी. ट्रॉलरला "दुसरीकडे जा" म्हणता येतं. डोल जिथे ओढ आहे तिथेच लागते. कवींच्या, म्हणजे डोली लावायच्या खुंटांच्या, हद्दीवरून सातपाटी-वसईकडे किती वाद झाले हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. त्याच सौराष्ट्र किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो. २००१ पासून तो कायद्याने संरक्षित आहे आणि गुजराती मच्छीमार त्याला "व्हाली" (लाडकी) म्हणून जाळ्यातून सोडून देतात.

अरबी समुद्राच्या हंपबॅक व्हेलचीही चिंता आहे. ते स्थलांतर करून ध्रुवाकडे जात नाहीत, इथेच राहतात. ओमानजवळ मोजलेली संख्या शंभराच्या आत होती. लुबान नावाची एक मादी २०१७ मध्ये ओमानहून निघून गोव्यासमोर आली आणि तिथून केरळ किनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत गेली, हे तिच्यावरच्या उपग्रह यंत्रावरून कळलं. जिची लोकसंख्या शंभर, तिच्या रस्त्यात घण वाजवताना जर्मनीइतकी तरी मर्यादा हवी. तामिळनाडूकडे मन्नारच्या आखातात प्रवाळ आणि समुद्री गवत आहे, डुगाँग (समुद्री गाय) आहे.

१५. पोलाद, सिमेंट, जहाजांचं डिझेल धरलं तर यात कार्बन वाचतो का?

वाचतो, आणि फरक थोडाथोडका नाही. खाणीपासून भंगारापर्यंत सगळं धरून समुद्री पवनचक्कीच्या एका युनिटमागे साधारण १२ ग्रॅम, कोळशाच्या युनिटमागे ८२० ग्रॅम.

१६. वाऱ्यातली शक्ती काढून घेतली तर समुद्राचं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याला माझा नमस्कार, कारण हा भल्याभल्यांना सुचत नाही. उद्यानामागे वारा मंदावतो, त्याची सावली दहा-दहा किलोमीटर लांब पडते. वारा कमी म्हणजे पाणी घुसळणं कमी. उत्तर समुद्राच्या संगणकीय प्रारूपात उद्यानांच्या परिसरात सूक्ष्म वनस्पतींचं उत्पादन काही ठिकाणी १० टक्क्यांनी घटलं, काही ठिकाणी तेवढंच वाढलं. एकूण समुद्राची बेरीज फारशी हलली नाही. जिथे पाणी पावसाळी वाऱ्याने घुसळून मासळी पिकते, तिथे शेकडो यंत्रं लावण्याआधी हे गणित करायला हवं.

१७. उद्या सगळं उत्सर्जन थांबलं तर समुद्र पूर्ववत होईल?

लवकर नाही. हवेतला वायू उतरेल तसा वरच्या पाण्याचा सामू सावरेल. खोलात शिरलेली उष्णता आणि आम्लता शतकानुशतकं राहील. वाढ थांबली तरी प्रवाळांना श्वास मिळेल, एवढं नक्की.

१८. पातं तुटलं तर? आणि पंचवीस वर्षांनी हे सांगाडे कोण काढणार?

पातं तुटतं. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेत नॅन्टुकेट बेटाजवळ एक तुटलं, फायबरग्लासचे तुकडे किनाऱ्यावर आले आणि ऐन हंगामात चौपाट्या बंद कराव्या लागल्या.

काढण्याचा प्रश्न अवघड आहे. नियम साधारण असा, की ज्याने लावलं त्याने काढायचं. परवान्यातच पैसे बाजूला ठेवायला लावतात. प्रश्न १ मधलं विंडेबी २०१७ मध्ये उतरवलं. पाती, मनोरे क्रेनने काढले, काँक्रीटचे पाये जागेवर फोडून गोळा केले. पण पंचवीस वर्षांत त्या पायांवर शिनाण्यांची वस्ती झाली होती. प्रश्न ९ मध्ये ज्याला आपण फायदा म्हटलं, तो पायाबरोबरच उचलला गेला. म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणतात, खालचा भाग तसाच राहू द्या. ट्रॉलरवाले म्हणतात, आमचा तळ आम्हाला मोकळा करून द्या. आपल्याकडे अजून पहिला खांब ठोकायचा आहे, तेव्हा हे भांडण करारात लिहून ठेवायला वेळ आहे.